ऑनलाइन आहे म्हणे, पण हेलपाटा वाचतो का?

आमच्या बिल्डिंगचं बिनपगारी सेवा केंद्र म्हणजे मी. ऐरोलीला राहते, नोकरी कॉम्प्युटरवरची, त्यामुळे 'हिला येतं सगळं' असा शिक्का बसलाय आणि तो काही पुसला जात नाही. मागच्या जूनमध्ये, शनिवारी दुपारी जेवून जरा आडवी होते तोच तिसऱ्या मजल्यावरच्या काकू दारात. हातात मोबाईल, काखेत फाईल. मुलीच्या ॲडमिशनला उत्पन्नाचा दाखला हवा होता. "अगं घरबसल्या होतं म्हणे आता, बघ ना जरा."

बसलो दोघी. नाव गाव पत्ता भरला, ओटीपी पाठवा दाबलं, आणि ओटीपी काही येईना. पाच मिनिटांनी उलगडा झाला, काकूंच्या आधारला नंबर थोरल्या मुलाचा लावलाय, तो पुण्यात, नाईट करून झोपलेला. त्याला उठवला, त्याने झोपेतच सहा आकडे सांगितले तोवर वेळ संपली. परत पाठवला, तो लागला. पुढे फोटो, वीस केबीच्या आत. काकूंच्या मोबाईलमधला फोटो तीन एमबीचा. तो बारीक केला तर पोर्टल म्हणतं लांबी-रुंदी चुकली, ती बसवेपर्यंत लॉगिन संपलं आणि फॉर्म पुन्हा पहिल्या पानावर. दीड तास गेला, मध्ये एकदा चहा झाला. शेवटी काकूच म्हणाल्या, "राहू दे गं, सोमवारी त्या झेरॉक्सवाल्याकडे जाते. पैसे घेतो, पण करून देतो."

पैसे घेतो पण करून देतो. सरकारी सेवा ऑनलाइन आल्या तरी लोक त्या वापरतात का, का वापरत नाहीत, ह्यावर जगभर ढीगभर अभ्यास झालाय आणि त्यातलं बरंचसं काकूंच्या ह्या एका वाक्यात बसतं. कसं ते सांगते.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, ती म्हणजे 'लोकांना मोबाईल येत नाही'. ह्याच काकू भाजीवाल्याला क्यूआर स्कॅन करून पैसे देतात, बहिणीला व्हिडिओ कॉल लावतात, यूट्यूब बघून केक करतात. यूपीआय 2016 मध्ये आलं, त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटबंदी झाली, आणि पुढच्या काही वर्षांत दिघ्यापासून बेलापूरपर्यंत एकही वडापावची गाडी क्यूआरशिवाय राहिली नाही. त्यासाठी कोणी क्लास लावला होता का? नाही. पण वडापाव आपण रोज खातो. चौथ्या-पाचव्या वेळेला बोट आपोआप बरोबर जागी जातं. उत्पन्नाचा दाखला वर्षातून एकदा, डोमिसाईल आयुष्यात एकदोनदा, मग पासवर्ड लक्षात कसा राहणार आणि बटण कुठे होतं ते तरी कसं आठवणार. दर वेळेला माणूस नवशिकाच असतो. सरकारी सेवेची ही मूळचीच अडचण आहे, पोर्टल कितीही चकाचक केलं तरी ती जात नाही. ठाणे महापालिकेने 2018 मध्ये तेल अवीव शहराच्या धर्तीवर 'डीजी ठाणे' काढलं तेव्हा त्यात महापालिकेच्या कामांसोबत दुकानांच्या ऑफर पण घातल्या होत्या, त्यामागचा विचार मला वाटतं हाच असणार, की मालमत्ता कर भरायला वर्षातून एकदा ॲप उघडणाऱ्या माणसाला मधल्या काळात पण उघडायला काहीतरी कारण पाहिजे.

आता थोडा अभ्यास. फ्रेड डेव्हिस नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने 1989 मध्ये एक साधा प्रश्न घेतला, ऑफिसात नवीन सॉफ्टवेअर आणलं की काही जण ते वापरतात, काही जण हात लावत नाहीत, असं का? त्याने दोन कारणं धरली. एक, ह्याचा मला उपयोग आहे असं माणसाला वाटतं का. दोन, हे वापरायला सोपं आहे असं वाटतं का. दोन्हीत 'वाटतं' महत्त्वाचं बरं का, खरंच सोपं असून भागत नाही. आणि त्याला जे दिसलं ते मजेशीर आहे, दोन्हीत जास्त जोर उपयोगाचा होता. उपयोग दांडगा असेल तर माणूस अवघड सॉफ्टवेअर पण शिव्या घालत घालत वापरतो, आणि उपयोग नसेल तर कितीही सोपं करून द्या, हात लावत नाही.

हे खरं की खोटं बघायचं असेल तर कुठल्याही चाकरमान्याला विचारा. गणपतीला गावी जायचं तिकीट. साठ दिवस आधी बुकिंग उघडतं, सकाळी आठला घरातली चार माणसं चार मोबाईल घेऊन बसलेली, कॅप्चा चुकतोय, पेमेंट अडकलंय, दोन मिनिटांत वेटिंग लिस्ट चारशेवर. इतकं त्रासदायक दुसरं काही नसेल. तरी पुढच्या वर्षी त्याच वेळेला तीच चार माणसं तयार. का, तर दुसरा पर्याय म्हणजे रात्रभर स्टेशनच्या खिडकीवर रांग. ऑनलाइनने रांग खरीच वाचवली, म्हणून त्रास पोटात घातला.

म्हणजे माणूस काय बघतो तर हेलपाटा वाचतो का. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे खरं तर. सरकार मोजतं किती सेवा ऑनलाइन केल्या, आणि लोक मोजतात किती खेपा वाचल्या. ह्या दोन आकड्यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही.

कारण अर्धवट ऑनलाइन नावाचा एक प्रकार असतो. फॉर्म मोबाईलवर भरायचा, कागद स्कॅन करून चढवायचे, पैसे भरायचे, आणि शेवटी ओळ येते की अर्जाची प्रिंट आणि मूळ कागदपत्रं घेऊन कार्यालयात हजर राहा. अहो मग मी आधीच आले असते की! पूर्वी एक खेप होती, आता खेप आहेच, वर स्कॅनिंग. असं एकदा झालं की माणूस पुढच्या दहा सेवा न बघताच सोडून देतो, 'ऑनलाइन म्हणजे डबल काम' हे डोक्यात पक्कं बसतं आणि शेजारी पण तेच सांगितलं जातं. ह्याच्या उलट सातबारा बघा. डिजिटल सहीचा सातबारा 2018 पासून मिळायला लागला, पंधरा रुपये भरायचे, उतरवून घ्यायचा, तो सरकारी कामाला चालतो, तलाठ्याच्या सहीला जायचं नाही. गावी जमीन आणि पोट ठाण्यात असणाऱ्या माणसासाठी पूर्वी ह्याच कागदाला एक रजा, एसटीचं जाऊन-येऊन भाडं आणि तलाठी जाग्यावर सापडेल ह्याची प्रार्थना एवढं लागायचं. त्यामुळे हे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी लिंक टाकली आणि पसरलं. पण त्याच सातबाऱ्यावर आजोबांचं नाव काढून वारसांची नावं लावायची असतील तर अर्ज ऑनलाइन करता येतो, तरी पुढे फेरफार, नोटीस, हरकत, आणि चुलते सही देतात की नाही हे कुठल्याच पोर्टलवर नसतं.

उपयोग आणि सोपेपणा एवढ्यावर गोष्ट संपत नाही. 2003 मध्ये विश्वनाथ व्यंकटेश आणि त्यांच्या सोबतच्या अभ्यासकांनी (त्यात डेव्हिस पण होता) तोवरचे आठ वेगवेगळे सिद्धांत एकत्र करून एक मांडणी केली, त्यात अजून दोन गोष्टी आल्या. आपल्या आजूबाजूची माणसं काय म्हणतात ही एक, आणि अडलं तर हाताशी काय आहे, म्हणजे नेट, मशीन, मदत करणारा माणूस, ही दुसरी. आपल्याकडे माझ्या मते ही शेवटचीच सगळ्यात वरचढ ठरते, आणि तिचं मला माहीत असलेलं बेस्ट उदाहरण म्हणजे भाड्याचं ॲग्रीमेंट.

नवी मुंबईत निम्मी माणसं भाड्याने राहतात असं कधी कधी वाटतं, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने हा करार लेखी आणि नोंदणीकृत लागतो. पूर्वी त्यासाठी घरमालक, भाडेकरू, दोन साक्षीदार असा लवाजमा सब-रजिस्ट्रारकडे जायचा, अख्खा दिवस मोडायचा. आता हे ऑनलाइन होतं आणि जवळजवळ प्रत्येक जण तसंच करतो. पण कसं करतो? एजंट बॅगेत लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं छोटं मशीन घेऊन रात्री नऊला तुमच्या हॉलमध्ये येतो. सोफ्यावर बसून तुमचा फोटो काढतो, अंगठा घेतो, मग म्हणतो मालक कुठेत, मालक घोडबंदरला, मग तिकडे जाऊन त्यांचा अंगठा. दोनतीन दिवसांत पीडीएफ व्हॉट्सॲपवर. ते सरकारी पान आपण आयुष्यात एकदाही उघडलेलं नसतं. तरी ही डिजिटल सेवा जबरदस्त चाललेली आहे, आणि ती चाललीय त्याचं कारण टेक्नॉलॉजीइतकंच तो बाईकवरून फिरणारा पोरगा आहे.

तोच प्रकार झेरॉक्सवाल्याचा. काकू सोमवारी गेल्या त्या दुकानात मी पण सोबत गेले होते. आठ बाय दहाचा गाळा, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर सतत खरखरतोय, भिंतीवर गणपती आणि त्याच्या बाजूला अधिकृत दरांचा बोर्ड, बाहेर चार प्लास्टिकच्या खुर्च्या. त्या मुलाने काकूंचा फोटो परत काढला, एका फोल्डरमध्ये टाकला, एक बटण दाबलं आणि तो वीस केबीचा झाला. माझा दीड तास, त्याचे चार सेकंद! मग काकूंचं रेशनकार्ड बघून म्हणाला, "मावशी ह्याच्यावर नाव सुनीता, आधारवर सुनिता, रिजेक्ट होईल, एक स्वयंघोषणापत्र जोडू." हे पोर्टल सांगत नाही, कुठल्याही मदत पानावर नाही, हे त्याला शंभर अर्ज परत आल्यावर कळलेलं आहे. बोर्डावरच्या दरापेक्षा त्याने थोडे जास्त घेतले, काकूंनी कुरकुर न करता दिले.

मला दोन्ही बाजू दिसतात. सरकारी हिशोबात हे 'मध्यस्थ' आणि ऑनलाइनचा मूळ उद्देशच मध्यस्थ घालवायचा होता, पण त्याच्याशिवाय काकूंचा अर्ज गेला नसता. दुसरीकडे त्या झेरॉक्सवाल्याच्या ड्रॉवरमध्ये एक दोनशे पानी वही पण होती, तिच्यात गिऱ्हाइकांची नावं आणि समोर त्यांचे लॉगिन पासवर्ड, निळ्या पेनाने, व्यवस्थित रेघा मारून. त्याने ते चांगल्या मनानेच लिहून ठेवलेत, लोक विसरतात म्हणून. तरी ती वही बघून माझ्या पोटात गोळा आला. आणि अजून एक, वर्षअखेर जेव्हा आकडा येतो की अमुक लाख अर्ज ऑनलाइन आले, त्यातले किती लोकांनी स्वतः भरले आणि किती ह्या गाळ्यांतून गेले हे वेगळं काढल्याशिवाय लोकांनी सेवा 'स्वीकारली' असं म्हणायला माझं मन घेत नाही. काकूंचा अर्ज त्या आकड्यात आहे. काकू नाहीत.

नावाचं निघालंच आहे तर तेही बोलून घेते कारण आपल्याकडच्या बायकांचं निम्मं आयुष्य त्यात जातं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव, वडिलांचं नाव मध्ये. लग्नानंतर आधारवर सासरचं. पॅनवर आडनाव आधी. बँकेत कोणीतरी मधलं नाव गाळलेलं. खिडकीवरच्या क्लार्कला हे सांगावं लागत नाही, तो मान वर न करता म्हणतो लग्नाचा दाखला जोडा. कॉम्प्युटरला मात्र ही चार वेगळी माणसं. तो फक्त 'माहिती जुळत नाही' म्हणतो आणि लाल रंगाचा होतो. मग गॅझेटमध्ये नाव बदला, मग आधार सेंटरला जा. पुरुषांना ही भानगड नसते आणि बहुतेक ही सॉफ्टवेअरं लिहिताना समोर तसाच माणूस असावा, जन्मापासून एकच नाव असलेला, स्वतःचा फोन, स्वतःचा ईमेल.

मँचेस्टरचे रिचर्ड हीक्स म्हणून एक प्राध्यापक आहेत, त्यांचा ह्यावर चांगला शब्द आहे, त्याचं मराठी करायचं तर आराखडा आणि वास्तव ह्यातली दरी. ऑफिसात बसून एक माणूस कल्पून सिस्टिम बांधली जाते, आणि खऱ्या जगात तो माणूसच नसतो. दरी जितकी मोठी तितकी योजना आपटायची शक्यता जास्त. 2003 मध्ये त्यांनी विकसनशील देशांतल्या अशा प्रकल्पांचा अंदाज मांडला होता, साधारण 35 टक्के पूर्ण फसलेले, 50 टक्के अर्धवट फसलेले, 15 टक्के यशस्वी. आकडे जुने आहेत, तेव्हा लोकांच्या हातात स्मार्टफोन नव्हते. पण ती दरी अजून आहे.

लाडकी बहीण योजनेचं उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यासमोरचं आहे. महिना 1500 रुपये, म्हणजे उपयोग म्हणाल तर थेट खात्यात. 2024 मध्ये अर्ज सुरू झाले, ॲप होतं, पण खरं काम केलं ते अंगणवाडीतल्या ताईंनी, एकेकीचा फॉर्म भरत बसून. मग 2025 मध्ये ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पटवणं, आलं. त्यात बाईच्या आधारसोबत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार, आणि त्यांच्या नंबरवर जाणारा ओटीपी. आता जिचा नवरा वारलाय आणि वडीलही नाहीत ती काय करणार? जी नवऱ्यापासून वेगळी राहते तिने त्याला फोन करून ओटीपी मागायचा? आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंनी मला हाच प्रश्न विचारला होता, मोबाईल माझ्या पुढे धरून, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर मुदत वाढली, 31 डिसेंबरपर्यंत, आणि अशा बायकांना मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचे कागद वगैरे अंगणवाडी सेविकेकडे द्यायची सोय केली गेली. चांगलं झालं. पण बघा, डिजिटल प्रश्न सोडवायला शेवटी परत अंगणवाडीतल्या ताईच.

फोन कोणाचा हा प्रश्न आपण गृहीत धरून सोडून देतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, 2019-21 च्या, देशातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी साधारण 33 टक्के बायकांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं, पुरुषांमध्ये हाच आकडा 57 टक्के. स्वतः वापरतो असा मोबाईल असलेल्या बायका साधारण 54 टक्के. आता त्यानंतर फोन वाढले असणार, पण घरात एक स्मार्टफोन आणि तो दिवसभर नवऱ्यासोबत भिवंडीच्या गोडाऊनला, हे चित्र मी आजही रोज बघते. ओटीपी दहा मिनिटं जिवंत असतो आणि तो फोन रात्री आठला घरी येतो.

शरीराचं पण तसंच. वर्षानुवर्षं धुणीभांडी, सिमेंटचं काम केलेल्या हातांच्या रेषा झिजतात, अंगठा मशीन घेत नाही. चेहरा दाखवा म्हणावं तर डोळे मिचकवा म्हणतं. ॲसिड हल्ल्यात डोळे गेलेल्या आणि दृष्टिहीन माणसांनी हाच प्रश्न सुप्रीम कोर्टात नेला आणि 30 एप्रिल 2025 ला कोर्टाने सांगितलं की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, केवायसीला डोळे मिचकवण्याशिवाय दुसरे मार्ग द्या. त्याआधी 2021 मध्ये लशीच्या वेळीही कोर्टाने विचारलं होतं की ज्याच्याकडे फोन नाही, नेट नाही त्याने स्लॉट कसा घ्यायचा. तेव्हा लशीच्या नोंदणीचं कोविनचं पान सुरुवातीला फक्त इंग्रजीत होतं, मराठी वगैरे भाषा जूनमध्ये आल्या.

भाषेवरून एक आठवलं. मराठीत केलं म्हणजे सोपं झालं असं समजणाऱ्यांनी एकदा सरकारी मराठी वाचावी. 'विहित नमुन्यातील अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे', 'पदनिर्देशित अधिकारी', 'साक्षांकित प्रत'. मी मराठी मीडियमची, ठाण्यात शिकलेली, मला सुद्धा कधी कधी इंग्रजीचं बटण दाबून अर्थ बघावा लागतो. काकू म्हणतात तसं 'कुठे जायचं, काय न्यायचं, किती पैसे, कधी मिळेल' एवढं चार ओळींत लिहा की.

मग विश्वास. कार्टर आणि बेलांगर ह्या दोघींनी 2005 मध्ये ई-सरकारवर जो अभ्यास केला त्यात विश्वासाचे दोन वेगळे भाग केले होते, सरकारवरचा विश्वास आणि इंटरनेटवरचा. हे मला फार पटतं. आमच्या सोसायटीतल्या एका आजोबांचा सरकारवर पूर्ण विश्वास, आयुष्यभर सरकारी नोकरी केली, पण नेटवर शून्य. कारण त्यांच्या व्हॉट्सॲपवर आरटीओ चलनाच्या नावाने एक एपीके फाईल (उघडली की मोबाईलमध्ये ॲप बसवणारी) आली होती, अशा फाईली उघडून लोकांची खाती रिकामी झालेली त्यांनी पेपरात वाचलंय, त्यामुळे आता खरं चलन आलं तरी ते उघडत नाहीत, सरळ ट्रॅफिक चौकीत जाऊन विचारतात. आपण त्यांना मागासलेले म्हणणार का? मी तर म्हणेन शहाणे आहेत. (आणि कोणाचे गेलेच तर लगेच 1930 ला फोन करा, उशीर करू नका.) प्रत्येक खोट्या लिंकमुळे शंभर खऱ्या सेवांचं गिऱ्हाईक जातं. उलट ज्यांचा नेटवर विश्वास आहे पण सरकारवर नाही असे पण असतात, विशेषतः तरुण पोरं. 'अर्ज पडून राहणार, आतून ओळख लागते' म्हणून ती आधीच हात वर करतात.

कागद हातात पाहिजे हा पण विश्वासाचाच प्रकार. कागदपत्रं मोबाईलमध्ये ठेवायचं सरकारी ॲप डिजिलॉकर 2015 पासून आहे, त्यातलं लायसन्स आणि आरसी चालवून घ्या असं केंद्राच्या वाहतूक खात्याने राज्यांना 2018 मध्ये कळवलंय. तरी माझा नवरा पाकिटात कार्ड ठेवतो आणि गाडीत झेरॉक्स. "नाक्यावर रेंज गेली तर?" आता ह्यावर काय बोलणार.

सक्ती केली की वापर वाढतो हे खरंच आहे. फास्टॅग 2021 च्या फेब्रुवारीत सक्तीचा झाला, नसेल तर तेव्हा दुप्पट टोल भरावा लागायचा, झाले सगळे डिजिटल. पण सक्तीने वाढलेल्या आकड्याला लोकांची पसंती समजणं म्हणजे पावसात सगळे छत्री घेतात म्हणून छत्रीचं डिझाईन लोकांना आवडलं म्हणण्यासारखं. डेन्मार्कने 2014 पासून सरकारी पत्रं डिजिटल पेटीतच घ्यायची सक्ती केली, पण ज्याला जमत नाही त्याला अर्ज करून कागदी पत्रं मागायची सूट ठेवली. सक्ती करायची तर ती खिडकी उघडी पाहिजे, आपल्याकडे ऑनलाइन सुरू झालं की पहिली ती बंद होते.

एस्टोनियाचं नाव ह्या विषयात सगळेच घेतात, तेरा लाखांच्या आसपास वस्तीचा देश, म्हणजे ठाणे शहरापेक्षाही लहान, त्यामुळे तुलना जपूनच करावी. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. त्यांनी 2001 पासून सरकारी खात्यांचे डेटाबेस एकमेकांना जोडायची व्यवस्था उभी केली आणि नियम असा, की जी माहिती एका खात्याकडे आहे ती दुसऱ्याने नागरिकाकडे परत मागायची नाही. इकडे रेशनकार्ड सरकारने दिलेलं, आधार सरकारने दिलेलं, आणि आपण त्या दोन्हीचे फोटो काढून, पोर्टलला हव्या त्या साइझचे करून, सरकारलाच पाठवतो. हा एक प्रश्न सुटला तर झेरॉक्सवाल्याचं निम्मं काम जाईल, बिचारा.

राहिला जाब विचारायचा मुद्दा, आणि हा फार कमी लोकांना माहीत असतो म्हणून मुद्दाम लिहिते. महाराष्ट्रात 2015 पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. कायद्याखाली अधिसूचित केलेल्या प्रत्येक सेवेला दिवस ठरवून दिलेत. त्या मुदतीत दाखला मिळाला नाही किंवा कारण नसताना फेटाळला तर तीस दिवसांत पहिलं अपील करता येतं, मग दुसरं, तिसरं थेट आयोगाकडे. दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. ऑनलाइन अर्जाचा खरा फायदा मला इथे दिसतो, कारण अर्जाला नंबर असतो, तारीख असते, 'तुमचा अर्ज आमच्याकडे आलाच नाही' असं कोणी म्हणू शकत नाही. खिडकीवर दिलेला कागद टेबलाखाली जाऊ शकतो. काकूंना हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदा त्यांनी त्या पावतीकडे नीट बघितलं, आणि तो नंबर कॅलेंडरवर लिहून ठेवला, दुधाच्या हिशोबाच्या खाली.

आता माझ्या आईचं सांगते आणि थांबते. आई लोकमान्य नगरला असते, बाबांची फॅमिली पेन्शन घेते. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला बँकेत जायची, तासभर रांग. हाच दाखला डिजिटल द्यायची सोय, जीवन प्रमाण, 2014 मध्ये आली, पण तिचा अंगठा काही मशीन घ्यायचं नाही, त्यामुळे ती आमच्या कामाची नव्हती. नंतर चेहऱ्याने करायची सोय आली. गेल्या नोव्हेंबरात तिच्याकडे गेले होते, गॅलरीत उजेडात बसवली, डोळे मिचकव म्हटलं, ती हसली, परत केलं, आणि तिसऱ्या वेळेला झालं. एसेमेस आला. पाच मिनिटं. मी एकदम खूश, म्हटलं बघ, बँकेत जायला नको आता.

दुसऱ्या दिवशी ती बँकेत गेली. साहेबांना विचारलं, "माझं आलंय का हो?" ते म्हणाले आलंय आजी. मग खालच्या झेरॉक्सवाल्याकडून त्याची प्रिंट काढली आणि लॅमिनेट करून घेतली. मी फोनवर म्हटलं, आई अगं पुढच्या वर्षी परत नवीन करावं लागतं, लॅमिनेट कशाला? तर म्हणाली, "असू दे. पुढच्या वर्षी पण मोबाईलवरच करू, मग मी विचारून येईन."